चौदा पावलं

लांजेवार मेट कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. पाणी घेत नसत, ‘काय म्हणता’ असंही विचारत नसत. दारातच उकिडवे होत, खांद्यावरच्या पिशवीतून हातभर लांबीची एक लाकडी पन्हळ काढत, तिच्या एका टोकाखाली काडेपेटी आडवी सरकवत आणि वरून एक पांढरा चेंडू सोडून देत. चेंडू घरंगळत जाई. घरातली माणसं पाय वर घेऊन बघत राहत. चेंडू थांबला की मेट एक सागवानी पट्टी जमिनीवर पुढे पुढे टाकत अंतर मोजत आणि मग निकाल देत.

आमच्या घरचा निकाल होता, "साडेपाच. अन् मोरीकडे वढ हाय."

माझं लग्न होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. मालती नागपूरच्या महाल भागातली. फरशी ती दिवसातून दोनदा पुसत असे आणि तिसऱ्यांदा पुसायला निमित्त शोधत असे. तिचा चेहरा पडला.

"साडेपाच म्हणजे कितीपैकी?"

"पैकी-गिकी काई नाई, वैनी. साडेपाच पावलं गेली गोटी. नाराज नोका होऊ. बाजूच्या नायरबाबूची चारच भरली."

यावर मालतीनं चहा टाकला. शेजारणीपेक्षा दीड पाऊल पुढे असणं ही लहान गोष्ट नव्हती. पण तो माणूस गेल्यावर ती मला म्हणाली, "हे गृहस्थ बरे आहेत ना?" मी म्हटलं, हे गृहस्थ आमच्या क्लबातले सर्वांत शहाणे आहेत. तिला ते पटलं नाही. क्लबातली बाकीची माणसं पाहिल्यावर पटलं.

ते दिवस भिलाईत कारखाना उभा होण्याचे होते. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, मुरमाचे ढिगारे आणि ट्रकच्या रांगा. केस, कपडे, वरण, सगळ्यांना एकच तांबूस रंग. देशभरातून आणि रशियातून माणसं आली होती. त्यांच्यात काही बडे साहेब असे होते की ज्यांना संध्याकाळी गोल्फ खेळल्याशिवाय अन्न पचत नसे. त्यांनी टाऊनशिपच्या कडेला माळरानावर नऊ भोकं पाडून घेतली, एक पत्र्याची शेड टाकली आणि तिला क्लब म्हणायला सुरुवात केली. मी ड्रॉइंग ऑफिसात कारकून होतो. अक्षर बरं म्हणून क्लबाच्या नोटिसा लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. गोल्फमधलं मला एवढंच कळत होतं की चेंडू भोकात गेला तर साहेब खुशीत आणि नाही गेला तर सकाळी ऑफिसात आमची धडगत नाही.

आता या खेळात भोकाभोवती गुळगुळीत हिरवळ लागते म्हणे. आमच्याकडे मे महिन्यात बाभळीसुद्धा माना टाकत, तिथं हिरवळ कुठली? म्हणून भोकाभोवती मुरूम चोपून गोल चकती करायची, तिच्यावर ट्रकच्या इंजिनातलं जळकं तेल मिसळलेली वाळू पसरायची आणि झाडून, दाबून सारखी करायची. या चकतीला साहेबलोक ‘ब्राऊन’ म्हणत. मेट तिला ‘भाकर’ म्हणत. गोल, तपकिरी, कडेला जरा फाटलेली. पुढे पुढे साहेबही "आज तीन नंबर की भाकर कैसी है?" असं विचारायला लागले.

मेट मूळचे रेल्वेतले. गाव आमगावकडचं, घरची थोडी धानाची शेती. वीस वर्षं नागपूरच्या बाजूच्या लाइनीवर गँगमेट होते, म्हणजे रूळ सरळ आणि सपाट ठेवणाऱ्या टोळीचे मुकादम. भिलाईत यार्डाचे रूळ टाकायला आले. एकदा क्लबाच्या कॅप्टननं त्यांना पाहिलं. कॅप्टन म्हणजे फौजेतले नव्हेत, नुसते क्लबाचे. नाव चढ्ढा, हुद्दा मोठा, आवाज त्याहून मोठा. मेट भर उन्हात रुळाला गाल लावून आडवे झालेले, एक डोळा मिटलेला, आणि दूरवर उभ्या माणसाला ओरडत होते, "दोन सूत खाली हाय ना बे!" पाणसळ लावून मोजलं तर खरंच दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली. कॅप्टननं त्याच आठवड्यात त्यांना नऊ भाकरींवर बसवलं.

तिथं मेटना एक नवाच प्रश्न भेटला. जिंकलेला साहेब म्हणे, ब्राऊन झकास. हरलेला म्हणे, चेंडू वाळूत रुततो. दुसऱ्या दिवशी जिंकणारा आणि हरणारा बदलले की मतंही बदलत. पंधरा दिवस मेटनी हे ऐकून घेतलं. मग त्यांनी रुळाखालच्या साल लाकडाच्या मोडक्या स्लीपरचा एक तुकडा घेतला, त्यात पन्हळ कोरली, वरच्या टोकाला चेंडू ठेवायला खाच केली आणि ते टोक विटेवर टेकवून चेंडू सोडला. ढकलायचं नाही, फुंकर घालायची नाही. चेंडू आपल्या मनानं जितका जाईल तितका जाऊ द्यायचा आणि ते अंतर अनवाणी पावलानं मोजायचं. चार दिशांनी चारदा. मैदानात वीट, घरात काडेपेटी, एवढाच फरक.

"डोळा खोटं बोलते, घाटेबाबू," ते मला म्हणाले. "साहेब बी बोलते. गोटी नाई बोलत."

कॅप्टननं हरकत घेतली. "पाँव किसका?"

"माहा."

"तुम्हारा क्यों?"

"फूट कोनाचा हाय साहेब? कोन्या राजाचाच पाय असंन ना? तो राजा आपल्या भाकरीवर कधी आला? मी रोज येतो."

 कॅप्टननी सुताराकडून मेटच्या पावलाएवढी सागवानी पट्टी कापून घेतली आणि क्लबाचं अधिकृत माप म्हणून जाहीर केली. त्या दिवसापासून शेडबाहेर एक काळी पाटी टांगली गेली. रोज दुपारी मेट आकडा सांगत, मी खडूनं लिहीत असे. आठ. साडेसात. उन्हानं तेल सुकलं की सहा. साहेबलोक मोटारीतून उतरले की आधी पाटी बघत आणि आकडा पाहून हरण्याची कारणं आधीच ठरवून ठेवत.

एकदा मोजायची चटक लागल्यावर मेटना जगात दुसरं काही दिसेना. दुर्ग स्टेशनचा प्लॅटफॉर्म त्यांनी मोजला. दुर्गच्या कचेरीचा व्हरांडा मोजताना चेंडू एका मुन्शीजींच्या टेबलाखाली गेला, आणि मुन्शीजी, दोन पक्षकार आणि एक वकील असे चौघे गुडघ्यांवर आले. ड्रॉइंग ऑफिसातल्या एकाच्या लग्नात ते भर मांडवात उकिडवे बसले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "वढ नवरदेवाकडे हाय." बाप शुभशकुन समजून इतका खूश झाला की त्यानं मेटना जिलबीचं दुसरं ताट वाढलं.

आकड्याच्या बाबतीत त्यांच्याकडे दयामाया नव्हती. भीडभाड नव्हती. कुणी म्हटलं, मेट, ही फरशी तर मस्तच दिसते, की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "मोजल्याबिगर बोलाचं नाई." आणि कुणाचीही फरशी कितीही चांगली निघाली तरी जाताना एक पुस्ती असेच. "बरी हाय. पन चवदा नाई. चवदा पाह्यली हाय म्या."

ही चौदा पावलांची जमीन कुठली, यावर क्लबात पैजा लागल्या. कुणी म्हणे कलकत्त्याच्या बंगल्यातली, कुणी म्हणे संगमरवराची. विचारलं की मेट मिशीतल्या मिशीत हसत आणि भाकर झाडायला लागत.

एकच माणूस त्यांचा आकडा बदलायला गेला, तो म्हणजे कॅप्टन. नागपूरहून पाहुण्यांचा संघ खेळायला यायचा होता. कॅप्टननी त्यांना मोठ्या ऐटीत कळवलं होतं की आमचे ब्राऊन नऊ पावलांचे आहेत. नेमकी त्या आठवड्यात लू सुटली. तेल सुकलं, वाळू उडाली आणि सामन्याच्या दुपारी आकडा आला सहा. मी पाटीवर सहा लिहिला. कॅप्टन आले, पाहिलं आणि म्हणाले, "मेट, आज के दिन नौ."

"गोटी सहा म्हनते, साहेब."

कॅप्टननी माझ्या हातातला खडू घेतला, सहा पुसला आणि स्वतः नऊ काढला.  मेटनी पाटी खिळ्यावरून उतरवली, डोक्यावर ठेवली आणि भर उन्हात यार्डाच्या दिशेनं चालायला लागले. नवाचा आकडा आकाशाकडे तोंड करून त्यांच्या डोक्यावर हेलकावे खात चालला होता. पाहुण्यांच्या मोटारी समोरून आल्या. हेलकाव्यात पाहुण्यांना तो ओझरता दिसला असणार. कॅप्टननी जीप पाठवली तेव्हा मेट निम्म्या वाटेवर होते. ते जीपमध्ये बसले, पण क्लबापाशी पाटीवर पुन्हा सहा लिहिल्यावरच उतरले.

हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण मला त्या दिवशी हसू आलं नाही, कारण मेटचा फॅमिली क्वार्टरचा अर्ज त्याच कॅप्टनच्या टेबलावर होता. मीच लिहून दिला होता. मेट तीन वर्षं सहा जणांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि बायको गावी होती. मूलबाळ नव्हतं. शिफारशीची सही त्या महिन्यात व्हायची होती. ती झाली नाही. पुढचा पूर्ण पावसाळा गेला, हिवाळा गेला.

"एक नऊ लिहू दिला असता तर काय बिघडलं असतं?" मी एकदा चिडून विचारलं.

"मंग आजवर लिवलेले सारे सहा खोटे झाले असते ना जी," ते म्हणाले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी कॅप्टनचा राग उतरला आणि आमच्याच रांगेत, दोन दारं सोडून, मेटना क्वार्टर मिळालं. सगुणाबाई एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन पॅसेंजरनं आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हाताचे पंजे मात्र पुरुषासारखे रुंद. मेटनी त्यांच्यासमोर नव्या क्वार्टरची फरशी मोजली. "आठ," असं म्हणून त्यांनी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. आमच्या रांगेत आठ कुणाचीच नव्हती.

सगुणाबाईंनी वाकून फरशीवर तळवा टेकवला. "सिमिट हाय," त्या म्हणाल्या. "गारगार लागते. जित्ती नाई लागत." आणि ट्रंकेवरच बसून राहिल्या.

चौदा पावलांचा उलगडा त्या संध्याकाळी आमच्याकडे चहा पिताना झाला. ती जमीन कलकत्त्याची नव्हती, संगमरवराची नव्हती. ती सगुणाबाईंचं गावचं अंगण होतं. त्यांच्या हातच्या सारवणाचं पंचक्रोशीत नाव होतं. कुणाकडे लग्न निघालं की अंगण सारवायला सगुणाबाईंना बोलावणं येई. दसऱ्याच्या सुट्टीत मेट पन्हळ आणि चेंडू गावी घेऊन गेले होते, आणि बायकोच्या अंगणात काडेपेटीवरून सोडलेला चेंडू चौदा पावलं गेला होता.

"तीनदा मोजली," मेट म्हणाले. "तिन्ही डाव चवदा." सगुणाबाईंनी पदराआड तोंड लपवलं.

आठ दिवसांत त्यांनी क्वार्टरसमोरची जागा खणली. माती भिजवली, चोपण्यानं चोपली, दुधवाल्या राऊताच्या गोठ्यातून शेण आणून सारवलं. पण भिलाईची जमीन मुरमाची. वाळली की भेगा, भेगा बुजवल्या की खडे वर. बाईंचा हात अर्धवर्तुळात फिरत राही आणि खालचा मुरूम करकर वाजत राही. तिसऱ्या दिवशी अंगण वाळलं. बाई हात धुऊन दारात उभ्या राहिल्या. आम्ही नवराबायकोही पाहायला गेलो होतो. मेटनी काडेपेटी लावली, चेंडू सोडला, पट्टी टाकली.

"तीन," ते म्हणाले.

मेटनी दुसऱ्या कुणाला काय सांगितलं असतं? तेच. आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं. सगुणाबाई आत गेल्या. संध्याकाळी मालती गेली तर त्या ट्रंकेत लुगडी भरत होत्या.

"इथली भुई माह्या हातची नाई, बाई," त्या म्हणाल्या. "माहा हातच गेला. इथं बसून काय करू? दुसऱ्याच्या सिमिटावर?" परवाच्या पॅसेंजरनं त्या परत जाणार होत्या.

मालतीनं मेटना आमच्या ओट्यावर गाठलं. ती रागावली की नागपूरच्या शाळेतल्या बाईंसारखी बोलते. "चार वर्षं वाट पाहून बायको आणली ना, भावजी? मग एवढं खरं बोलायची काय गरज होती?"

"गोटी तीन म्हने, वैनी. मी काय करू?" ते इतके कासावीस झाले होते की मालतीनं त्यांना आधी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मेटनी क्लबातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, नोकरीत पहिल्यांदा. शिवनाथ नदीच्या काठची गाळाची माती सायकलवरून आणली. दुधवाल्या राऊतानं सांगितलं म्हणून इकडे भिंती पोतारायला वापरतात ती पांढरी छुई माती आणली. नंदिनी गावच्या खाणीकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून चुनखडीची भुकटी आणली. बायकोनं नुसतं पाहिलं, पण जाणं दोन दिवस लांबवलं. अंगण पुन्हा सारवलं गेलं. चेंडू सुटला. "पाच," मेट म्हणाले. पुढच्या आठवड्यात सात. मग नऊ. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी आम्ही दात घासत असताना मेटचा आवाज रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"चवदा!"

नायरबाबू ब्रश तोंडात धरूनच धावत आले. छुई मातीची कीर्ती सगळ्या सेक्टरात पसरली. आकडा खरा असल्याबद्दल कुणाच्या मनात शंका आली नाही, कारण तो मेटनी सांगितला होता. सगुणाबाईंची ट्रंक पलंगाखाली गेली. त्यानंतर रोज सकाळी सडासारवण झालं की मेट अंगण मोजत, "चवदा" म्हणून पुकारत आणि मगच सायकलवर टांग टाकत. मालती त्या आवाजावर माझा डबा भरायला घेई.

मी ते अंगण मोजायला जायला नको होतं. पण कारकुनाच्या जातीला नक्कल पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. एका रविवारी मेट क्लबात गेले होते, सगुणाबाई नळावर. पन्हळ, पट्टी, काडेपेटी, चेंडू, सगळं ओट्यावर ठेवलेलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चेंडू सोडला. तो थोडा गेला, एका खड्याला अडखळला आणि थांबला. मला वाटलं माझंच चुकलं. मी दुसऱ्या बाजूनं सोडला. मग तिसऱ्या. चौथ्या. साडेचार. कुठूनही साडेचार. आमच्या बदनाम फरशीपेक्षा एक पाऊल कमी.

मी तिथंच ओट्यावर बसलो. मला तो पाटी डोक्यावर घेऊन उन्हात चाललेला माणूस आठवला.

"किती आले जी, घाटेबाबू?"

सगुणाबाई बादली घेऊन मागे उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलंच नाही. माझ्या हातात पट्टी होती.

"चौदा," मी म्हटलं.

त्यांनी बादली खाली ठेवली आणि त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "तुमी बी?"

मी पट्टी ओट्यावर ठेवली.

"मी रोज हातानं सारवतो, बाबू. माह्या हाताले कळत नाई का? चार असंन. लय झालं तर साडेचार." त्यांनी ओला पंजा लुगड्याला पुसला. "त्या एका नवापायी माहं इथं येनं वरीसभर लांबलं, मालूम हाय मले. साहेबासाठी नाई बोलले ते खोटं. क्वार्टरसाठी नाई बोलले. अन् माह्यासाठी रोज सकाळी उठून, साऱ्या रांगेले आयकू जाईन असं बोलून राह्यले. मंग मी कायले जाऊ?"

बादली उचलून त्या आत जायला निघाल्या आणि उंबरठ्यावर थांबल्या. "तुमी मोजलं म्हून त्यायले सांगू नोका. त्यायले वाटते मले ठाऊक नाई."

मी सांगितलं नाही. मालतीलाही नाही. पन्हळ होती तशी ठेवली आणि घरी आलो.

संध्याकाळी मेट आमच्याकडे चहाला आले. नेहमीसारखे दारात उकिडवे झाले, काडेपेटी लावली, चेंडू सोडला. मालतीनं त्या दिवशी फरशी लिंबाच्या सालीनं घासली होती. ती श्वास रोखून उभी होती.

"साडेपाच," मेट म्हणाले. "मोरीकडे वढ हाय."

"अहो भावजी, एवढी घासली हो! एकदा तरी सहा म्हणा की!"

"मोजल्याबिगर बोलाचं नाई, वैनी," मेट म्हणाले, आणि मी कपबशी तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत राहिलो.